चुका धरणारा माणूस

आमच्या घरात दिवस क्रियापदांनी सुरू व्हायचा. नोटांच्या प्रेसचा भोंगा वाजायच्या आधीच अण्णा, म्हणजे माझे वडील, मोरीच्या दारात पंचा लावून उभे असत आणि आम्ही दोघी बहिणी दात घासत असताना त्यांची पहिली हाक येई, 'राइज, रोझ, रिझन.' आम्ही तोंडातलं मंजन तसंच ठेवून उत्तर द्यायचं, 'रेझ, रेझ्ड, रेझ्ड.' शेजारच्या क्वार्टरमधून रेडिओवरचे अभंग ऐकू येत, पलीकडून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू येई आणि आमच्याकडून 'लाय, ले, लेन' असा घोष चाले. नाशिकरोडच्या त्या सरकारी कॉलनीत एक दूधवाला येत असे, त्यालाही हे सगळं पाठ झालं होतं. एकदा आईला माप घालता घालता तो 'ले, लेड, लेड' असं पुटपुटला, तेव्हा अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला चहा पाजला. आम्हाला कधी एवढ्यावर चहा मिळाला नव्हता.

अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्यांच्या मते इंग्रजी म्हणजे जोडीजोडीने दबा धरून बसलेली क्रियापदं. लाय म्हणजे आपण स्वतः आडवं होणं, ले म्हणजे दुसरं काहीतरी ठेवणं. सूर्य आपण होऊन वर येतो म्हणून राइज, पगार कुणीतरी वाढवावा लागतो म्हणून रेझ. से आणि टेल, बॉरो आणि लेंड, मेक आणि डू, ब्रिंग आणि टेक. या जोड्यांमधून जो पाय न घसरता पलीकडे गेला त्याला इंग्रजी आलं, असं ते मानत. पलीकडे जाऊन करायचं काय, कुणाशी काय बोलायचं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक लाल बॉलपेन असे. लग्नाला गेले तरी इंग्रजी पत्रिकेतल्या चुकांखाली रेघा मारून ती पत्रिका ते मांडवातच मुलीच्या बापाच्या हातात देत. बाप बिचारा अक्षता वाटायच्या घाईत, तरी 'वा, हेडक्लार्कसाहेब' म्हणून मान डोलावत असे. आमच्या कॉलनीत अशीच समजूत होती. ज्याला दुसऱ्याची चूक दिसते त्याला इंग्रजी येतं, आणि जो बोलून मोकळा होतो त्याला येत नाही.

गायकवाड काकू एकदा वाटी घेऊन साखर मागायला आल्या. आई आत दळण चाळत होती, अण्णा दारात. त्यांनी काकूंना आत येऊ दिलं नाही, आधी विचारलं, तुम्ही साखर बॉरो करायला आलात की लेंड करायला? काकू सातवी शिकलेल्या. त्या हसल्या, वाटीकडे पाहिलं, म्हणाल्या, 'अण्णा, मी साखरच न्यायला आले होते.' आणि पुढच्या घरी गेल्या. त्यानंतर त्या आमच्याकडे कधीही काही मागायला आल्या नाहीत. अण्णांनी संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं की बघा, उत्तर आलं नाही.

रात्रीच्या जेवणाला इंग्रजीची सक्ती होती. बाजरीची भाकरी, झणझणीत शेंगोळे, दाण्याची चटणी, कांदा आणि इंग्रजी. कुणाला काही हवं असेल तर पूर्ण वाक्यात मागायचं आणि क्रियापद चुकलं तर ते भांडं पुढच्याकडे जायचं. शेंगोळ्याचा वाफाळता टोप आपल्या ताटासमोरून एका क्रियापदापायी निघून जाताना पाहणं ही काय शिक्षा असते, ते ज्याने आईच्या हातचे शेंगोळे खाल्ले त्यालाच कळेल. मी लवकरच युक्ती शिकले. मी काही मागतच नसे, जे पानात पडेल ते मुकाट खात असे. त्यामुळे माझ्या चुका होत नसत आणि अण्णा मला हुशार समजत. आईला या सक्तीतून सूट होती. तिला काही मागायचंच नसे, ती वाढत असे. अण्णा म्हणत, तुझ्या आईवर मी कसली जबरदस्ती करत नाही, आणि हे वाक्य ते फार उदारपणे म्हणत.

माझ्या नातीच्या फोनवर हल्ली काही चुकीचं टाइप केलं की खाली लाल रेघ उमटते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दचकले होते. अण्णा गेले नाहीत, फोनमध्ये जाऊन बसलेत, असं मी तिला म्हटलं आणि तिला काही कळलं नाही. मग मला वाटलं, निदान फोनचं तरी बरं आहे. तो पाहुण्यांसमोर रेघ ओढत नाही.

आमच्या घरात इंग्रजी खरोखर बोलणारं माणूस एकच होतं, माझी थोरली बहीण विमलताई, आणि तेच सगळ्यांत जास्त चुकणारं होतं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बी.ए. होऊन घरी बसली होती. आमच्या भिंतीला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये केरळहून आलेल्या कुरियन सिस्टर राहत. त्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांना मराठी येईना, हिंदी त्यांच्यापेक्षा आमच्या मांजराला जास्त कळे, म्हणून ताई त्यांच्याशी इंग्रजीत बोलू लागली. अंगणाच्या भिंतीवर दोघी कोपरं टेकून उभ्या राहत आणि तासन्‌तास बोलत. भिंतीवरून इकडून थालीपीठ जाई, तिकडून खोबरेल तेलाचा वास असलेले केळ्याचे वेफर्स येत, आणि त्यांच्याबरोबर असलं इंग्रजी येई जाई की अण्णांनी आतून कानावर हात ठेवावेत. ताई मेकच्या जागी डू म्हणायची, टेलच्या जागी से म्हणायची, आणि सिस्टरही काही वेगळ्या नव्हत्या. पण सिस्टरचं सासूशी कसं बिनसलं, त्यांच्या पहिल्या बाळाचं काय झालं, त्यांना रात्रपाळीत भीती का वाटते, हे सगळं ताईला ठाऊक होतं. त्यांचा लहान मुलगा जोजी ताईच्या कडेवरच असायचा आणि तिच्यासारखंच चुकीचं, भरभरून बोलायचा. मी भिंतीला टेकून अभ्यासाचं सोंग करत हे ऐकत असे. मला त्या दोघींचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

ताईला नांदगावचं स्थळ आलं होतं. मुलाचं बी-बियाण्यांचं दुकान होतं, माणसं बरी होती, मुलगा बघायला वाईट नव्हता. पण ताईला नको होतं. ती आईला म्हणाली, मला नोकरी करायची आहे, एकदा तरी स्वतःच्या पायावर उभं राहून बघायचं आहे. आईने ते अण्णांना सांगितलं, आणि बरीच भवति न भवति होऊन असं ठरलं की नोकरी मिळाली तर लग्न दोन वर्षं पुढे ढकलायचं, आणि तोवर हे स्थळ गेलं तर जाऊ द्यायचं. नाही मिळाली तर वैशाखात बार उडवायचा. अण्णा त्याच मार्चमध्ये निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरात बसून त्यांना चुका पुरत नव्हत्या.

त्या वर्षी कॉलनीच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत एक इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली. पत्र्याच्या चार खोल्या, पुढे मोठं फाटक, फाटकावर नाव. संस्थेचे अध्यक्ष निफाडकडचे द्राक्षांचे व्यापारी, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. स्वतः इंग्रजीचं अक्षर जाणत नव्हते आणि ते लपवतही नव्हते, एवढा त्यांचा मोठेपणा मान्य करायला हवा. मुख्याध्यापिका देवळाली कॅम्पच्या पिंटो मॅडम, वयाने पन्नाशीच्या, फ्रॉक घालणाऱ्या, आणि त्यांचं इंग्रजी आपल्या बोलण्यासारखं सहज. शाळेला लहान वर्गांसाठी बाई हवी होती. ताई त्यांना भेटून आली आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की काम झालं. मॅडमनी तिला एका वर्गात सोडलं होतं, पोरं तिच्याभोवती गोळा झाली आणि पाऊण तास कुणी रडलं नाही. पण भाऊसाहेबांची एक पद्धत होती. बाग बघितल्याशिवाय ते माल उचलत नसत आणि घर बघितल्याशिवाय शिक्षक ठेवत नसत. वेलीचं खोड कसं आहे, पाणी कुठून येतं, मालक कसा आहे, हे सगळं बघून मग घड. तसंच मुलीचं. म्हणून ते मॅडमना घेऊन रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येणार होते. निरोप आला तेव्हा अण्णांनी नवं लाल बॉलपेन आणलं.

आईने मांडे करायचे ठरवले. आई मनमाडकडची, मांडे हा तिचा मानाचा पदार्थ. अंगणात तीन विटांची चूल मांडून तिने तिच्यावर खापर पालथं घातलं, आणि सकाळपासून पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत, कोपरापर्यंत पसरवत, ती एकेक मांडा त्या खापरावर टाकत होती. ताईने आईची निळी साडी नेसली होती. भिंतीपलीकडून कुरियन सिस्टरनी डोकं काढून तिला दोन्ही हातांचे अंगठे दाखवले. मला आठवतं, ताई त्या दिवशी जरासुद्धा घाबरलेली नव्हती.

भाऊसाहेब आले, त्यांनी घर फिरून बघितलं, मोरी बघितली, देव्हारा बघितला, पुस्तकांचं कपाट बघितलं, माझ्याकडे बघून 'ही धाकटी का' म्हणाले आणि पाटावर बसले. पिंटो मॅडमना खुर्ची दिली होती, पण त्याही पाटावरच बसल्या. मॅडमनी ताईला सहज विचारलं की तुला लहान मुलांची इतकी सवय कशी? आणि ताई जोजीची गोष्ट सांगू लागली. जोजीला आमच्या मांजराची भीती वाटायची, मग मांजर त्याच्या पलंगाखाली व्याली, आणि मग काय झालं, अशी ती गोष्ट होती. ताई हातवारे करत, डोळे मोठे करत सांगत होती आणि मॅडमचा घास हातातच राहिला होता. ताई म्हणाली, 'द कॅट लेड फोर किटन्स.' मॅडम मनापासून हसल्या. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, 'गेव्ह बर्थ टू. लेड इज फॉर एग्ज.'

ताई थांबली, 'येस' म्हणाली आणि पुढे सांगू लागली. जोजी पलंगावर लेइंग होता. लाइंग, अण्णा म्हणाले. ती जोजीला सेड की घाबरू नकोस. टोल्ड, अण्णा म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता, अगदी शांत, घासाच्या मध्ये, चटणी घेता घेता. मॅडम म्हणाल्या की राहू द्या, छान सांगतेय ती. अण्णा म्हणाले, नाही नाही, पाया पक्का हवा. ताईने पुन्हा सुरुवात केली, पण आता ती प्रत्येक क्रियापदापाशी येऊन उभी राहत होती, अण्णांच्या तोंडाकडे बघत होती आणि मगच पुढे जात होती. मांजर पलंगाखालून बाहेर यायच्या आतच तिची गोष्ट बंद पडली. पिल्लांचं काय झालं ते मॅडमना कधी कळलंच नाही. आई दारात मांडा घेऊन उभी होती. तिला इंग्रजीचा शब्द कळत नव्हता, पण काय चाललंय ते त्या खोलीत सगळ्यांत आधी तिलाच कळलं असावं, कारण ती अण्णांना म्हणाली, 'अहो, पोरीला बोलू द्या की.' अण्णांनी तिला हाताने थांब म्हणून खूण केली.

भाऊसाहेब इतका वेळ जेवत होते. त्यांना काहीच कळलं नव्हतं, पण त्यांचं लक्ष पूर्ण होतं. पोरगी बोलते, बाप मध्येच एक शब्द टाकतो, पोरगी गप्प होते, हे त्यांनी नीट पाहिलं होतं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि अण्णांकडे चांगल्या बागेकडे बघावं तसं बघितलं.

'अण्णा, पोरगी चुकते अन् तुम्ही धरता,' ते म्हणाले. 'मंग इंग्रजी येतं कोणाला?'

अण्णा नम्रपणे हसले. भाऊसाहेब मॅडमकडे वळून म्हणाले, 'बाई, मला शाळेत चुका करणारं माणूस नको, चुका धरणारं पायजे. हे तर रिटायर झालेत. सकाळचे मोकळेच हायेत.'

मॅडमचा चेहरा पडला. त्या त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, 'भाऊसाहेब, मुलं तिच्याशी बोलणार. मी बघितला ना.' भाऊसाहेब म्हणाले की बोलायला घरी आई-बाप हायेत, शाळेत पोरांनी शिकायचं असतं, बोललं की लय गोंगाट होतो. मग सगळे अण्णांकडे बघू लागले. मीही बघत होते. ताई बघत होती. तेव्हा मला पक्की खात्री होती की अण्णा आता म्हणणार, छे हो, नोकरी मुलीला हवी आहे, मी म्हातारा काय करू. एवढंच म्हणायचं होतं. अण्णांनी हात पंच्याला पुसले, घसा साफ केला आणि म्हणाले, 'इट वुड बी माय प्रिव्हिलेज.' वाक्यात एकही चूक नव्हती.

ताई उठली, तिने पाहुण्यांच्या हातावर पाणी घातलं, सुपारी दिली, सगळं रीतीप्रमाणे केलं. मॅडम जाताना तिचा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाल्या, तिने फक्त मान हलवली. पाहुणे फाटकाबाहेर गेल्यावर आईने चुलीतली लाकडं ओढून त्यांच्यावर पाणी ओतलं. पुरणाचे चार गोळे तसेच पडले होते. अण्णा आरामखुर्चीत बसून शाळेत पहिल्या दिवशी काय घ्यायचं ते मोठ्याने ठरवत होते. राइज-रेझपासून सुरुवात करावी की लाय-लेपासून, असं त्यांनी मलाच विचारलं. ताई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

'अण्णा, ती नोकरी माझी होती.'

अण्णा म्हणाले, 'त्यांनी मला विचारलं. मी मागायला गेलो नव्हतो.'

'तुम्ही नाही म्हणायचं होतं.'

'तुझ्या चुका त्यांना दिसल्या, त्यात माझा काय दोष?'

'त्यांना नाही दिसल्या,' ताई म्हणाली. 'भाऊसाहेबांपुढे मी रशियन बोलले असते तरी त्यांना पत्ता लागला नसता. तुम्ही दाखवल्या.'

अण्णा खाली बघू लागले. मला वाटलं, कळलं त्यांना. मग ते म्हणाले की शिक्षकाने कधी तोंडदेखलं वागू नये, आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. त्या दिवसाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

कॉलनीने अण्णांना डोक्यावर घेतलं. या वयात नोकरी चालून आली, विद्वत्तेला मरण नाही, असं सगळे म्हणाले. आमच्याकडून घरोघर पेढे गेले आणि ते ताईनेच वाटले, कारण असली कामं मोठ्या मुलीची असतात. वैशाखात तिचं लग्न झालं. कुरियन सिस्टर मांडवात आल्या, तिला मिठी मारून रडल्या, तिच्याशी किती वेळ बोलत राहिल्या. ताई त्यांच्याकडे बघून हसत होती, त्यांचे डोळे पुसत होती, आणि 'येस, येस' एवढंच म्हणत होती. त्या दोघींमधलं ते मोकळं, वेडंवाकडं, चुकांनी भरलेलं बोलणं त्या रविवारी संपलं होतं. मी वरमाईच्या मागे उभी राहून ते पाहिलं आणि मला इतका राग आला की अक्षता टाकायचं भान राहिलं नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही. सोडायचा विचारही नाही.

अण्णांनी त्या शाळेत अकरा वर्षं शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता पन्नाशीच्या घरात आहेत. मागे डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांच्यातला एक भेटला, मोठ्या कंपनीत अधिकारी आहे म्हणाला. मी अण्णांची मुलगी हे कळल्यावर त्याने रांगेत उभ्याउभ्या मला 'लाय, ले, लेन' म्हणून दाखवलं, एकही न चुकता. मग डॉक्टरीणबाई परराज्यातल्या निघाल्या, इंग्रजीत बोलू लागल्या, तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, 'मावशी, तुम्हीच सांगा ना त्यांना.' त्याचं सांत्वन म्हणून मी त्याला सांगितलं की तो एकटा नाही. अण्णांचा सत्कार झाला तेव्हाही, शहरातले एक खरेखुरे इंग्रजीचे प्राध्यापक त्यांच्याशी व्यासपीठावर बोलायला आले होते, आणि अण्णा शाल सावरत हसत राहिले होते. प्राध्यापक बोलताना चुकत नव्हते, मग त्यांच्याशी बोलायचं तरी काय?

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मी ताईला नांदगावला फोन केला. आता ती सत्तरी ओलांडून गेली आहे, दुकान मुलगा बघतो, गुडघे दुखतात, आवाज मात्र खणखणीत आहे. मी म्हटलं, तुझ्याबद्दल लिहिते आहे, चालेल ना? मागे कुणीतरी बियाण्यांच्या पिशव्या टाकत असल्याचा आवाज येत होता.

'लिही की,' ती म्हणाली. 'जसं झालं तसं लिही. फक्त शेवटी अण्णा मनाने चांगले होते असं लिहू नकोस. सगळे लिहितात तसं.'

ते वाक्य मी आधीच लिहून ठेवलं होतं. फोन ठेवला आणि ते खोडलं.